औषध जुनेच, पिशवी नवी!

औषधाच्या चिठ्ठीवर अलीकडे एक शब्द वारंवार वाचायला मिळतो. तो म्हणजे ‘लायपोसोमल’. कधी तो महागड्या इंजेक्शनच्या नावामागे लागलेला असतो, तर कधी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या डबीवर ठळक अक्षरांत छापलेला असतो. ‘डॉक्टर, ही काय नवीन भानगड?’ असे पेशंट विचारतात. शिवाय या एका शब्दामुळे औषधाची किंमत दहापट, वीसपट कशी वाढते, हाही प्रश्न असतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले तर पैशांचाच नव्हे, प्रसंगी जिवाचाही उपयोग होतो. म्हणून आजचा लेख याच विषयावर.

औषध जाते कुठे?

आपण डोके दुखते म्हणून गोळी घेतो. ती गोळी काही डोक्याकडे चालत जात नाही. ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर यकृत, मूत्रपिंड, हृदय, हातापायांची बोटे अशी सगळीकडे फिरते. तिचा थोडासा भागच हव्या त्या ठिकाणी पोचतो. बाकीचे औषध शरीर वापरते, फोडते वा बाहेर टाकते.

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. पाटाने पाणी सोडले की ते सबंध वावरात पसरते. पिकाला मिळते, तणालाही मिळते, उरलेले जमिनीत मुरते. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याने ठिबक बसवले, ते पाणी थेट झाडाच्या बुडाशी पडावे म्हणून. साध्या तापाच्या गोळीच्या बाबतीत पाटाचे पाणी चालते. पण औषधच जहाल असेल तर? ते रोगाला मारते तसे निरोगी अवयवांनाही भाजून काढते. कर्करोगाची आणि बुरशीच्या गंभीर आजारांची कित्येक औषधे या जातीची आहेत. अशा वेळी औषधाला ठिबक हवे असते. लायपोसोम हे त्या ठिबकाचे काम करू पाहते.

दुतोंडी कणांची पिशवी

लायपोसोम हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला आहे. ‘लायपो’ म्हणजे मेद आणि ‘सोम’ म्हणजे देह. मेदाची अगदी सूक्ष्म, पोकळ पिशवी म्हणजे लायपोसोम.

ही पिशवी कशी तयार होते ते पाहण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. आमटीवर तेलाची तर्री तरंगते, ती पाण्यात मिसळत नाही. परंतु काही पदार्थांचे कण दुतोंडी असतात. त्यांच्या एका टोकाला पाणी आवडते, दुसऱ्या टोकाला पाण्याचा तिटकारा असतो. अंड्याच्या पिवळ्या बलकातील आणि सोयाबीनमधील लेसिथिन हा असाच पदार्थ आहे. चॉकलेटच्या वेष्टणावर ‘सोया लेसिथिन’ असे लिहिलेले आपण वाचले असेल, तेच हे.

असे कण पाण्यात सोडले की मोठी गंमत होते. पाणी न आवडणारी टोके एकमेकांकडे तोंड करून आत दडतात आणि पाणी आवडणारी टोके बाहेर राहतात. असा दुपदरी पडदा तयार होतो. त्या पडद्याच्या कडा उघड्या राहिल्या तर पुन्हा पाणी लागणार. म्हणून पडदा आपोआप वळतो, कडा एकमेकींना मिळतात आणि बंद पिशवी होते. शिवायला सुई नाही, चिकटवायला डिंक नाही! पिशवीच्या पोटात थोडे पाणी अडकते. पाण्यात विरघळणारे औषध त्या पाण्यात ठेवता येते. तेलात विरघळणारे औषध पडद्याच्या दोन पदरांत खोचता येते.

ही युक्ती माणसाने निर्माण केली नाही, ती निसर्गाचीच आहे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण याच दुपदरी मेदाचे असते. पेशीच्या आत माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा झाला तरी अशाच लहान पिशव्या बनतात, ठरलेल्या जागी जाऊन मिळतात आणि माल उतरवतात. ही वाहतूक कशी चालते ते उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सूडॉफ या तिघांना २०१३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लायपोसोम पेशीच्या आवरणासारखाच असल्याने शरीराला तो फारसा परका वाटत नाही आणि काम झाल्यावर त्यातील मेद शरीर पचवून टाकते.

कृत्रिम पिशवीचा शोध मात्र योगायोगाने लागला. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम येथे अलेक बँगहॅम नावाचे रक्तविकारांचे अभ्यासक होते. रक्त गोठते कसे याचा अभ्यास करताना १९६१ च्या सुमारास त्यांनी व त्यांचे सहकारी हॉर्न यांनी लेसिथिन पाण्यात कालवून ते नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक पापुद्रे असलेले गोळे त्यांना दिसले. अशा पिशवीत औषध भरून रोग्याला देता येईल, हा विचार पुढे १९७१ पासून लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने मांडला.

औषधासाठी वापरावयाची पिशवी किती लहान असावी? बुरशीवरील लायपोसोमल इंजेक्शनमधील एक पिशवी साधारण ८० नॅनोमीटरची असते. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड धरला, तर त्याच्या जाडीवर अशा हजार पिशव्या एका ओळीत बसतील.

एक जहाल औषध

या पिशवीचे मोल ज्या औषधाच्या बाबतीत सर्वांत चांगले कळते, त्याचे नाव आहे अँफोटेरिसिन बी. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते १९५० च्या दशकात मिळाले. शरीरात खोल पसरलेल्या बुरशीवर यापेक्षा खात्रीचे औषध कित्येक वर्षे नव्हते.

हे औषध बुरशीच्या पेशीचे आवरण पकडते आणि त्याला भोके पाडते. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, त्याला ते चिकटते. अडचण अशी, की माणसाच्या पेशीच्या आवरणात त्याचाच चुलतभाऊ असतो, कोलेस्टेरॉल. औषध त्यालाही थोडेफार चिकटते. त्यामुळे साधे अँफोटेरिसिन शिरेतून सुरू केले की कित्येक पेशंटना हुडहुडी भरते, ताप चढतो, उलट्या होतात. त्याहून गंभीर म्हणजे मूत्रपिंडांना इजा होते आणि रक्तातील पोटॅशियम घसरते. जुने इंग्रजी जाणणारे डॉक्टर ‘अँफोटेरिसिन’ऐवजी ‘अँफोटेरिबल’, म्हणजे भयंकर, असे म्हणत. रोग बरा होईपर्यंत मूत्रपिंडे टिकतील का, ही चिंता डॉक्टरला दररोज असे.

हेच औषध मेदाच्या पिशवीच्या पडद्यात खोचून दिले तर काय होते? पिशवीतल्या मेदाशी आणि कोलेस्टेरॉलशी ते जखडून राहते. रक्तातून फिरताना मूत्रपिंडाच्या पेशींवर ते फारसे सांडत नाही. बुरशी भेटली की पिशवी तिला चिकटते आणि औषध अधिक आवडीच्या अर्गोस्टेरॉलकडे निघून जाते. यामुळे मूत्रपिंडाची हानी बरीच कमी होते आणि औषधाची मात्रा कित्येक पटींनी वाढवता येते. या स्वरूपाचे पहिले इंजेक्शन युरोपात १९९० साली आणि अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले.

सोलापूरने पाहिलेला उन्हाळा

हे सगळे पुस्तकी ज्ञान वाटेल. परंतु २०२१ च्या मे-जून महिन्यांत याच औषधासाठी आपल्या गावातील लोक रात्रभर फिरले आहेत. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि मागोमाग म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडची ‘काळी बुरशी’, आली. मधुमेह, कोरोनाने खालावलेली प्रतिकारशक्ती आणि स्टेरॉइडचा वापर ही तिची प्रमुख कारणे. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद पाडते, त्यामुळे नाक-टाळूचा भाग मरतो व काळा पडतो. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास राज्यांना सांगितले. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या आजाराचा उपचार घेतला.

त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात पूर्व भागातील एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा आला. वडील पन्नाशीचे, मधुमेही, कोरोनातून उठलेले. एका बाजूचे नाक चोंदलेले, गालाला सूज, डोळा अर्धा मिटलेला. तपासण्या होऊन ते मोठ्या रुग्णालयात दाखल झाले होते. आई विड्या वळणारी. मुलाच्या हातात एक चिठ्ठी आणि खिशात नातेवाइकांकडून जमवलेले पैसे. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, एका दुकानात अँफोटेरिसिन काही शे रुपयांना आहे म्हणतात. दुसरीकडे लायपोसोमलचे सहा-सात हजार सांगतात, तेही उद्या या म्हणतात. औषध तर एकच ना? मग स्वस्तातलंच जास्त घेऊन गेलं तर?”

मी त्याला खुर्चीवर बसवले. “अरे, आतलं औषध एकच आहे, पण पिशवी वेगळी आहे. पिशवी बदलली की मात्रा बदलते. चिठ्ठीत लायपोसोमल लिहिलंय, तर त्याच मापाने साधं औषध गेलं तर तुझ्या वडिलांच्या जिवावर बेतेल. मिळालं नाही तर वॉर्डातल्या डॉक्टरांना तसं सांग. ते साधं औषध त्याच्या मापाने सुरू करतील. पण तू परस्पर बदलू नको.”

मुलगा समजूतदार होता. त्याने वॉर्डात विचारले. दोन दिवस साधे इंजेक्शन बेताच्या मात्रेत, भरपूर सलाईन देऊन चालले. नंतर लायपोसोमल मिळाले. दरम्यान शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढला. त्या गृहस्थांचा एक डोळा गेला, पण मूत्रपिंडे शाबूत राहिली आणि ते घरी परतले. या आजारात औषधाइतकेच शस्त्रक्रियेला आणि साखर आटोक्यात ठेवण्याला महत्त्व असते. तिन्ही गोष्टी वेळेवर झाल्या म्हणून ते वाचले.

नाव एक, मात्रा वेगळ्या

त्या मुलाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून हिशेब मांडून सांगतो. साध्या अँफोटेरिसिनची दिवसाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम. ती कोणत्याही परिस्थितीत दीड मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्यापुढे हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्युकरमध्ये लायपोसोमलची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साध्या औषधाचे सुमारे ६० मिलिग्रॅम, तर लायपोसोमलचे ३०० मिलिग्रॅम. अदलाबदल झाली तर एकीकडे पाचपट विष, दुसरीकडे पाचव्या हिश्शाचे अपुरे औषध!

खर्चाचाही हिशेब करा. लायपोसोमलची एक कुपी ५० मिलिग्रॅमची. ३०० मिलिग्रॅमला दिवसाला सहा कुप्या. कुपी सहा हजारांची धरली तर एका दिवसाचे ३६ हजार रुपये, आणि उपचार काही आठवड्यांचा. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाने हे कुठून आणायचे? त्या काळात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणारेही भेटले. जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरील कर काही महिन्यांसाठी शून्यावर आणला. त्याआधी मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस कंपनीत अँफोटेरिसिनच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू झाल्याचे नितीन गडकरी यांनी जाहीर केले, तेव्हा त्याची किंमत १,२०० रुपये सांगण्यात आली होती. इमल्शन म्हणजे पोकळ पिशवी नव्हे, तर मेदाचे सूक्ष्म थेंब. लिपिड कॉम्प्लेक्स नावाचा आणखी एक प्रकार आहे. या सगळ्यांची मात्रा आणि देण्याची रीत एकसारखी नाही. कुपी कोणत्या द्रवात मिसळायची, हेसुद्धा प्रकारागणिक बदलते.

परळच्या रुग्णालयातील प्रयत्न

असे प्रगत औषध परदेशातूनच आले असेल असा आपला समज असतो. अँफोटेरिसिनच्या बाबतीत तो पूर्ण खरा नाही. परदेशी लायपोसोमल इंजेक्शन नव्वदच्या दशकात सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. त्या सुमारास दोन ठिकाणची माणसे एकत्र आली. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात बिमलकुमार बच्छावत हे नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ लायपोसोमवर काम करीत होते. १९६२ साली भटनागर पारितोषिक मिळालेले हे संशोधक १९९६ साली निवर्तले. आणि मुंबईत परळला, महापालिकेच्या केईएम रुग्णालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर औषधशास्त्र विभागात होत्या. प्रयोगशाळेतील पिशवी रोग्याच्या खाटेपर्यंत आणण्याचे काम त्यांच्या गटाने केले.

हे काम सोपे नसते. परीक्षानळीत बनलेली पिशवी उद्याही तशीच राहील का, तिच्यातून औषध गळणार नाही ना, हे पाहावे लागते. मग प्राण्यांवर चाचणी, त्यानंतर थोड्या रुग्णांवर अगदी लहान मात्रेपासून सुरुवात. केईएमच्या गटाने कर्करोगतज्ज्ञ व मेंदूशल्यतज्ज्ञ यांच्या सहकार्याने एका रुग्णाची हकीकत १९९३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या रुग्णाच्या शरीरात पसरलेली कँडिडा बुरशी साध्या अँफोटेरिसिनला दाद देत नव्हती. लायपोसोमल औषधाने तो बरा झाला. पुढे काळाआजाराच्या रुग्णांवरही या गटाने मात्रा ठरवण्याचे अभ्यास केले.

हेच औषध नंतर ‘फंगीसोम’ या नावाने लाइफकेअर इनोव्हेशन्स या भारतीय कंपनीमार्फत बाजारात आले. त्याची एक गंमत आहे. वापरण्यापूर्वी कुपी ४५ मिनिटे ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावी लागते. लहरींच्या हादऱ्याने मोठ्या पिशव्या फुटतात आणि त्यांच्या लहान पिशव्या होतात. परदेशी औषधात हे काम कारखान्यातच महागड्या यंत्रांनी केलेले असते. इथे ते रुग्णालयात, छोट्या यंत्रावर होते. ज्या सार्वजनिक रुग्णालयात गिरणगावातला गरीब माणूस उपचाराला येई, तिथल्या डॉक्टरांनी हे औषध रुग्णापर्यंत आणले, ही नोंद महाराष्ट्रातील वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे मुंबईच्या भारत सीरम्ससारख्या कंपन्यांनीही मेदयुक्त अँफोटेरिसिन बनवले. २०२१ मध्ये मागणी एकाएकी कित्येक पटींनी वाढली तेव्हा तुटवडा झाला हे खरे. पण देशात हे औषध बनवण्याची विद्याच नसती, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

आणखी कोणत्या रोगांत?

कर्करोगात डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध फार वापरतात. त्याने हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले. त्यामुळे हृदयाचा धोका घटतो, मात्र तळहात-तळपायांची आग होणे व साल निघणे हा वेगळा त्रास उद्भवतो. २०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्यास तिथल्या औषध प्रशासनाने मुभा दिली. पुढच्याच वर्षी कंपनीच्या औषधाला रीतसर मान्यताही मिळाली.

काळाआजार हा बिहारकडचा, वाळूमाशीमुळे होणारा जीवघेणा रोग. त्याचे जंतू यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील भक्षक पेशींत दडून बसतात. मेदाच्या पिशव्या गिळतात त्याही नेमक्या याच पेशी! चोराच्या घरी पोलीस आयताच पोचावा तसे हे होते. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. साध्या औषधाची २९ दिवसांत १५ इंजेक्शने आणि लायपोसोमलचे एकच इंजेक्शन, या दोहोंचा गुण जवळपास सारखा आला. मजुराचा महिनाभराचा मुक्काम एका दिवसावर आला.

कोरोनाच्या काळात फायझर आणि मॉडर्ना या कंपन्यांच्या लसींतील नाजूक एमआरएनए रेणूही मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळूनच दिला गेला. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या लसींत मात्र ही पद्धत नव्हती. अलीकडे पेशी स्वतः बाहेर सोडतात त्या नैसर्गिक पिशव्यांवर, म्हणजे एक्सोसोमवर, संशोधन चालू आहे. ते आशादायक आहे. परंतु केस उगवण्यासाठी वा चेहरा उजळण्यासाठी एक्सोसोमची इंजेक्शने घ्या, अशा जाहिराती कोणी दाखवल्या तर सावध राहावे. २०२४ पर्यंत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नव्हती.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

१) मधुमेही व्यक्तीला एका बाजूचे नाक चोंदणे, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव, गालाचे हाड दुखणे, चेहऱ्याचा भाग बधिर होणे, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणे, टाळूवर काळा डाग वा दात एकाएकी हलणे यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवावे. ‘सर्दी असेल’ म्हणून दिवस घालवू नयेत. कोरोनाची लाट गेली तरी हा रोग मधुमेह्यांमध्ये अधूनमधून दिसतोच.

२) अँफोटेरिसिनची चिठ्ठी मिळाली की तिच्यावर साधे, लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स की इमल्शन, हे स्पष्ट लिहून घ्यावे. दुकानातून आणलेल्या कुपीवरचे पूर्ण नाव चिठ्ठीशी जुळवून मगच ती वॉर्डात द्यावी. जुळत नसेल तर नर्सताई किंवा डॉक्टरांना तसे मोठ्याने सांगावे. यात संकोच नको.

३) मेदाची पिशवी उन्हाने बिघडते आणि गोठल्यानेही फुटते. अशी पुष्कळ इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. स्कूटरच्या डिकीत औषध ठेवून गावभर फिरू नये. बर्फाच्या डब्यातून आणावे, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये, आणि घरी फ्रीजरच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये. वेष्टणावरील सूचना वाचावी.

४) लायपोसोमल म्हणजे निर्धोक, असे नव्हे. मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी आणि पोटॅशियमची तपासणी सांगितल्या तारखेला करावीच. अशक्तपणा, स्नायूंत गोळे, छातीत धडधड, लघवी कमी होणे हे लगेच कळवावे.

५) पैशांची अडचण असेल तर उपचार अर्ध्यावर सोडण्यापूर्वी रुग्णालयातील जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. रेशनकार्ड व ओळखपत्र बरोबर न्यावे.

दोन शंका

‘लायपोसोमल’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का, असे बरेच जण विचारतात. धडधाकट माणसाला पेरू, आवळा, लिंबू, पालेभाजी यांतून क जीवनसत्त्व पुरेसे मिळते. ते जहाल औषध नाही, जादा झाले तर लघवीवाटे निघून जाते. मग त्याला महाग पिशवीत घालण्याची निकड काय? डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितले असेल तर गोष्ट निराळी. जिथे औषध विषारी असते, जिथे ते वाटेतच नष्ट होते, किंवा जिथे ते नेमक्या पेशीत पोचवायचे असते, तिथे पिशवीचे काम. बाकी ठिकाणी तो शब्द डबीची शोभा वाढवतो आणि किंमतही.

दुसरी शंका अशी, की अंड्यातील लेसिथिनपासून पिशवी बनते, तर शाकाहारी व्यक्तींनी काय करावे? लेसिथिन सोयाबीनपासूनही मिळते, काही पिशव्यांचे मेद कारखान्यात कृत्रिमरीत्याही बनवतात. मात्र अंडे वा सोयाबीन यांची ॲलर्जी असेल तर इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषध किती जहाल आहे यापेक्षा ते कुठे पोचते आणि वाटेत कोणाला दुखवते, याचा विचार आता वैद्यकशास्त्र करू लागले आहे. त्या विचाराचा लाभ मिळण्यासाठी रोग्याच्या नातेवाइकाने फार शिकलेले असण्याची गरज नाही. कुपीवरचे पूर्ण नाव वाचावे, चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि शंका आली तर विचारावे. तेवढे जमले तरी पुष्कळ झाले.

(पुढील आठवड्यात : मधुमेह्यांनी पायांची निगा कशी राखावी?)